पाण्याचं वावडं

औषधांच्या खिडकीमागे मावशी सव्वीस वर्षं बसत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांना शहाणा वाटलेला माणूस एकच. तो म्हणजे दवाखाना काढणारे थोरले डॉक्टर, आणि ते जाऊन सात वर्षं झाली होती. उरलेल्या जगाबद्दल मावशींचं मत वाईट होतं. गोळी उपाशीपोटी घ्या म्हटल्यावर ‘म्हणजे बिस्किट चालेल ना?’ विचारणारे पेशंट, ‘सकाळी एक, रात्री एक’ सांगितल्यावर ‘आणि उद्या?’ म्हणणारे त्यांचे नातेवाईक, कोंबडीनं माती उकरावी तसं अक्षर काढणारे धाकटे डॉक्टर, सगळे एका माळेचे मणी. “देवानं माणसाला दोन डोळे दिले,” मावशी म्हणत, “पण कसे वापरायचे त्याचा कागद डब्यात टाकायला विसरला.”

एकोणिसाव्या वर्षी त्या या दवाखान्यात बाटल्या धुवायला आल्या होत्या. धुतलेली प्रत्येक बाटली ही पोरगी उजेडात धरून बघते आणि मगच उपडी घालते, हे थोरल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि दुसऱ्याच महिन्यात तिला खिडकीशी आणून बसवलं. त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. औषधाचं नाव तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, मोजताना आणि हातात देताना. आणि देण्याआधी समोरच्याला विचारायचं, तुम्हाला कशाचं वावडं आहे? कुठल्या गोळीनं अंगावर गांधी उठतात, कुठल्या इंजेक्शननं तोंड सुजतं, ते एका लांब वहीत लिहून ठेवायचं. त्या वहीच्या जिवावर मावशींनी किती जणांना वाचवलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जो वाचतो त्याला आपण वाचलो हे कळतच नाही, तो फक्त रांग हळू सरकते म्हणून कुरकुरतो.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या डॉक्टरांनी वही बंद केली आणि मशीन आणलं. मशीनबरोबर मशीनवाला आला.

हा चाळिशीचा गृहस्थ एका छोट्या कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर होता. बोलताना डोळे मिटायचा, म्हणजे समोरच्याला कंटाळा आलाय हे दिसायची सोयच ठेवली नव्हती. प्रश्न अर्धा झाला की उत्तर सुरू, आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच: “सिस्टिममध्ये सगळं आहे.” त्याच्याबरोबर हाताखालची एक मुलगी यायची, जाड चष्म्याची, गप्प. सगळी टिपणं ती घ्यायची, तारा ती जोडायची, आणि तो खुर्ची मागून घ्यायचा. मावशी त्याला तोंडावर ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘नाकाने कांदे सोलणारा’. काही दिवसांनी पाठीमागे जायचे कष्टही त्यांनी सोडले.

मशीनचं काम सोपं होतं. प्रत्येक पेशंटच्या पानावर ‘वावडं’ असा एक रकाना, त्यात औषधांची यादी. डॉक्टरांनी आत बसून औषध लिहिलं की मशीन त्या यादीत ते नाव शोधणार. सापडलं तर पडद्यावर लाल पट्टी. पट्टी नाही तर औषध बिनधास्त द्यायचं. उद्घाटनाला मशीनवाल्यानं एका खोट्या पेशंटच्या यादीत पाच नावं भरली होती, त्यातलं तिसरं नाव टाइप केलं, पट्टी लाल झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढेही कुणासमोर दाखवायचं झालं की तोच पेशंट, तीच पाच नावं, तेच तिसरं.

तिसऱ्याच आठवड्यात एक सुतार आला. त्याच्या यादीत एकच नाव होतं, दुखण्यावरची एक गोळी. डॉक्टरांनी नेमकी तीच लिहून दिली. लाल पट्टी आली नाही. मावशींनी सवयीनं नाव तीनदा वाचलं, पडद्याकडे बघितलं, सुताराकडे बघितलं, आणि गोळ्या परत कपाटात ठेवून दिल्या. मग फोन लावला.

“स्पेलिंग चुकलं असेल,” मशीनवाला म्हणाला.

“तीनदा वाचलंय.”

“मग पान नव्यानं उघडा.”

“तेही केलं.”

“मावशी, मी सहा महिने घासलेत यावर. तुम्ही सहा मिनिटं नीट बघा.”

फोन ठेवला गेला. आठवडाभरात आणखी दोघांच्या बाबतीत तेच झालं, आणखी दोन फोन झाले, आणि आणखी दोनदा दोष मावशींच्या बोटांवर गेला. नाचता येईना, अंगण वाकडं. मावशींनी फोनचा नाद सोडला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून त्या मशीनसमोर बसल्या, स्वतःचंच पान उघडलं, वावड्याच्या रकान्यात तीन नावं लिहिली आणि एकेक शोधून पाहिलं. दुसऱ्याला पट्टी आली. तिसऱ्याला आली. पहिल्याला नाही. त्यांनी नावांची अदलाबदल केली. आता जे वर गेलं ते मुकं झालं आणि जे खाली आलं ते बोलायला लागलं. अर्ध्या तासात मावशींना कळलं ते सहा महिने घासणाऱ्याला कळलं नव्हतं: हे मशीन यादीतलं पहिलं नाव गिळतं.

त्यांनी धाकट्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर मोबाइलमधून मान वर न काढता “हो हो, सांगतो त्यांना” म्हणाले. ते सांगणार नाहीत हे मावशींना माहीत होतं. मग त्यांनी आपला उपाय केला. ज्याच्या ज्याच्या यादीत काही होतं, त्याच्या यादीत सगळ्यांत वर एक शब्द टाकायचा: पाणी. कुठलाही डॉक्टर पाणी लिहून देत नाही. “गिळायचंच असेल तर पाणी गिळ मेल्या,” त्या मशीनला म्हणाल्या, “औषधांना तोंड लावू नकोस.” पुढची दोन वर्षं मशीन पाणी गिळत राहिलं आणि लाल पट्ट्या बिनचूक येत राहिल्या. मशीनवाला त्या जोरावर नव्या गिऱ्हाइकांना सांगायचा, दोन वर्षांत एक चूक नाही.

घरी मावशींनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली होती. काका तीस वर्षं एका कचेरीत लिफ्ट चालवून घरी बसले होते. दोन खोल्यांच्या घरात ते आता पलंगावर पत्ते मांडून एकटेच खेळायचे, आणि बायको काहीही बोलली तरी लिफ्टवर आणून सोडायचे.

“पहिलं नाव गिळतं? मग तो मशीनवाला तळ सोडून वरून मोजत असणार,” काका म्हणाले. “आमच्याकडे तळमजल्याचं बटण शून्याचं. एक दाबलं की माणूस एक जिना वर. एकदा एका साहेबानं हुकूम काढला, शून्याच्या वरच्या सगळ्या मजल्यांच्या दारांना तेल घाला. घातलं. तळमजल्याचं दार सोडून. शून्याच्या वर म्हटलं ना! सगळी कचेरी तळमजल्यावरनं आत येते, आणि तेच दार वर्षभर किंचाळत होतं.”

“मी औषधांचं बोलतेय, अहो.”

“मी पण तेच बोलतोय.”

“तुम्ही पत्ते लावा,” मावशी म्हणाल्या. आणि तो विषय तिथंच संपला, कारण नवऱ्याचाही समावेश बाकीच्या जगात होता.

गोष्ट बिघडली ती मोठ्या गिऱ्हाइकामुळे. कुठल्या तरी बारा दवाखान्यांच्या मालकांना हे मशीन घ्यायचं होतं आणि त्यांची तीन माणसं पाहायला आली. मशीनवाल्यानं बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावला होता. त्याची लाकडी पेटी अजून दारामागेच पडलेली होती, खिळे वर काढून. त्यानं डोळे मिटून भाषण केलं, खोटा पेशंट दाखवला, तिसरं नाव शोधलं, पट्टी लाल. मग म्हणाला, “आता या दवाखान्यात लोकांना सर्वांत जास्त कशाचं वावडं आहे, ते पाहा,” आणि बटण दाबलं.

पडद्यावर उभ्या काठ्या उमटल्या. बाकीच्या बोटभर. एक थेट छताला भिडलेली. तिच्याखाली लिहिलं होतं: पाणी, ११४०.

पाहुण्यांपैकी एक जण हसला. मग तिघंही हसले. “इथली माणसं जगतात कशावर?” एकानं विचारलं. मशीनवाल्यानं पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले.

पाहुणे गेल्यावर डॉक्टरांच्या खोलीत मावशींना बोलावणं आलं. चष्मेवाली कोपऱ्यात वही घेऊन उभी होती.

“अकराशे चाळीस पानांत तुम्ही कचरा भरलात,” मशीनवाला म्हणाला. “पाण्याचं वावडं! अहो, लहान पोरालाही हसू येईल.”

“पहिलं नाव तुमचं मशीन गिळतं. तीनदा फोन केला होता मी.”

“मशीन गिळत नाही मावशी. मशीन विचारतं, शोधतं, सांगतं. चुका माणसं करतात, आणि शिकलेली नसली की जास्त करतात.”

“मग आत्ता बघा ना. एकाच नावाचं पान उघडा आणि शोधा.”

“मला माझं काम शिकवताय?” तो डॉक्टरांकडे वळला. “डॉक्टर, खिडकीवर कुणी तरी जाणकार हवं. यांना गोदामात द्या. खोकी मोजायला यांच्यासारखं माणूस मिळणार नाही.”

मावशींनी डॉक्टरांकडे पाहिलं. थोरल्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेला हा मनुष्य कागदावरचा वजनाचा गोळा इकडून तिकडे सरकवत होता. “एक तारखेपासून बघू,” तो म्हणाला. “तोवर ते पाणी तेवढं काढून टाका सगळीकडचं.”

“नका काढू,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “मला गोदामात टाका, पण ते काढू नका. कुणाचा तरी जीव जाईल.”

“एका ओळीचं काम आहे,” मशीनवाला चष्मेवालीला म्हणाला. “जेवणाच्या सुट्टीत उरकून टाक.”

आणि त्या दुपारी पाणी गेलं. अकराशे चाळीस याद्यांतली दुसरी नावं वर सरकून पहिली झाली आणि गप्प बसली.

मावशींनी कपाटावरून जुनी लांब वही खाली काढली, धूळ झटकली आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीत पुन्हा प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. मोठ्यानं. “तुम्हाला काय चालत नाही?” लोक वैतागले. दोन वर्षांत त्यांना न विचारता औषध घ्यायची सवय झाली होती. रांग दाराबाहेर गेली. “मशीन असताना ही बाई वही कशाला उघडते?” एक जण म्हणाला. “तुम्ही मेलात तर नाव कुठे लिहायचं म्हणून,” मावशी म्हणाल्या, आणि तो मुकाट्यानं आपलं वावडं सांगून गेला. एक तारखेला सहा दिवस उरले होते. त्यानंतर खिडकीत जी कुणी बसेल ती पडद्यावर विश्वास ठेवणार, आणि पडदा गप्प राहणार. मावशींना गोदामाची भीती नव्हती. अंधारात खोकी मोजणं हे लोकांशी बोलण्यापेक्षा बरंच. पण रोज रात्री पलंगाच्या कडेवर बसून त्या बोटांवर नावं मोजत. सुतार. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. बेकरीवाल्याची सासू. सगळ्यांच्या यादीत एकेकच नाव.

चौथ्या दिवशी मशीनवाला लंगडत आला.

भिंतीवरचा पडदा सरळ करायला म्हणून दारामागे गेला आणि त्याच पेटीचा खिळा बुटातून आरपार टाचेत गेला होता. दोन दिवस त्यानं अंगावर काढलं. आता पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता. चष्मेवाली त्याची बॅग धरून मागून येत होती. तो रांगेतून न जाता सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

“कशाची अ‍ॅलर्जी वगैरे?” डॉक्टरांनी विचारलं असावं, कारण मावशींना आतून त्याचं उत्तर ऐकू आलं. “डॉक्टर, सिस्टिममध्ये सगळं आहे. माझं पान मी स्वतः भरलंय.”

डॉक्टरांनी औषध लिहिलं. पडदा शांत राहिला. पट्टी नाही, म्हणजे चालतं.

खिडकीतल्या पडद्यावर नाव उमटलं: पेनिसिलिनचं इंजेक्शन. मावशींनी ते तीनदा वाचलं. या माणसाच्या पानावर पेनिसिलिनच्या डोक्यावर पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, त्याला शिव्या देत. त्यांना वही उघडायची गरज नव्हती.

त्यांनी कपाट उघडलं; दवाखान्यातली इंजेक्शनंही त्याच देत. मग ट्रे घेतला, त्यात पुडीची छोटी बाटली ठेवली, सिरिंज भरली आणि इंजेक्शनच्या खोलीत गेल्या. मशीनवाला बाकावर पालथा होऊन मोबाइल बघत होता. चष्मेवाली दारात.

“बाटलीवरचं नाव वाचून घ्या साहेब,” मावशी म्हणाल्या. “माझी पद्धत आहे. शिकलेली नाही ना मी.”

“द्या हो लवकर.”

“वाचा.”

त्यानं वैतागून मान वळवली. बाटली पाहिली. आणि जो माणूस खुर्चीवरून कधी स्वतः उठत नसे, तो एका पायावर ताडकन उभा राहिला.

“हे मला चालत नाही! लहानपणी गळा सुजला होता माझा, आई मला उचलून पळत सुटली होती... डॉक्टर! डॉक्टर!”

“मशीन म्हणतंय चालतं,” मावशी म्हणाल्या. सिरिंज त्यांनी तशीच वर धरली होती. “विचारतं, शोधतं, सांगतं. त्यानं काही सांगितलं नाही.”

“पण मी लिहिलंय त्यात!”

“बघा की मग.”

डॉक्टर धावत आले. पान उघडलं गेलं. वावड्याच्या रकान्यात एकच नाव, पहिलंच: पेनिसिलिन. चष्मेवालीनं तेच नाव शोधाच्या चौकोनात टाकलं. काहीच झालं नाही. पुन्हा टाकलं. काहीच नाही. तिनं बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि दोन वर्षांत कुणी तिला न दाखवलेली ती ओळ शोधून काढली.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही विचारलंय, जागा शून्यापेक्षा मोठी आहे का.”

“मग? सापडलं तर मोठीच येणार.”

“पहिली जागाच शून्य असते ना सर.”

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगतात. यादीतली घरं एकपासून नाही, शून्यापासून मोजली जातात. यादीला ‘हे नाव कुठे आहे’ असं विचारलं की ती जागेचा आकडा देते. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक, आणि नसेलच तर उणे एक. म्हणून विचारायचं ते उणे एक आलं का, एवढंच. किंवा त्याहून सोपं म्हणजे, नुसतं ‘आहे का’ विचारायची सोय भाषेतच आहे, तिला आकडे लागतच नाहीत. पण सहा महिने घासणाऱ्यानं शून्य म्हणजे काहीच नाही असं धरलं होतं. खाली उभं असलेलं त्याच्या हिशेबात कधी आलंच नाही, यादीत काय आणि दवाखान्यात काय.

“तळमजला,” मावशी पुटपुटल्या.

“काय?” चष्मेवालीनं विचारलं.

“काही नाही. आमचे हे कधीतरी बरोबर बोलतात.”

मशीनवाला बाकावर बसला होता. त्याची नजर सिरिंजवरून हटत नव्हती. “तुम्ही... तुम्ही हे मला टोचणार होता?”

मावशींनी बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरून हलवली. आतली पांढरी पूड कोरडीच होती, झाकणाचं सील शाबूत. या औषधाची पूड आयत्या वेळी पाण्यात कालवावी लागते.

“सिरिंजमध्ये नुसतं पाणी आहे,” त्या म्हणाल्या. “त्याचं वावडं कुणाला नसतं. लहान पोरालाही माहीत आहे.”

डॉक्टरांनी दुसरं औषध लिहिलं. या वेळी त्यांनी तोंडानं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबले. चष्मेवालीनं ती ओळ तिथंच बदलली. नवं लिखाण जुन्यापेक्षा आखूड निघालं. मग तिनं मावशींना विचारून सुताराचं, त्या दोघी बहिणींचं आणि बेकरीवाल्याच्या सासूचं पान उघडून एकेक नाव शोधून दाखवलं. चारही वेळा पट्टी लाल. मावशींनी चारही नावं तीन-तीनदा वाचली आणि मग कुठे खुर्चीला पाठ टेकवली.

“हे शिकायला तुमच्या साहेबांना किती वर्षं लागली गं?”

“चार वर्षं कॉलेज. मग अठरा वर्षं नोकरी.”

“आणि लिफ्टच्या माणसाला अर्धा दिवस,” मावशी म्हणाल्या.

मशीनवाल्यानं चूक कबूल केली असं कुणी समजू नये. त्या मंडळींना ते जमत नाही. पुढच्या सोमवारी सगळ्या गिऱ्हाइकांना त्याचं पत्र गेलं, की आता नवी, अधिक अचूक आवृत्ती आली आहे. त्यात मावशींचं नाव नव्हतं, चष्मेवालीचंही नव्हतं, पाण्याचं तर नव्हतंच. बारा दवाखान्यांनी मशीन घेतलं. एक तारीख आली आणि गेली. गोदामाची गोष्ट धाकट्या डॉक्टरांनी काढली नाही, आणि ‘राहा’ असंही म्हणाले नाहीत. नुसती औषधांच्या कपाटाची किल्ली परत मागायची टाळली. मावशींनी ते ओळखलं आणि मनातल्या यादीत त्यांचा क्रमांक आणखी खाली नेला.

वही मात्र कपाटावर परत गेली नाही. ती खिडकीच्या फळीवर, मशीनला टेकून उघडीच राहिली.

दोन तारखेला मशीनवाला ड्रेसिंगला आला. दारातून त्यानं सवयीनं सरळ आत जायला पाऊल उचललं.

“रांग आहे,” खिडकीतून आवाज आला.

तो थांबला. पुढे नऊ माणसं होती. दुखऱ्या पायावर भार न देता तो पाऊण तास उभा राहिला, आणि त्या पाऊण तासात मावशींनी नऊ जणांना एकच प्रश्न नऊ वेळा विचारलेला त्यानं ऐकला. त्याची पाळी आली. मावशींनी त्याच्याकडे कधीही न पाहिल्यासारखं पाहिलं, वहीवर पेन्सिल टेकवली.

“तुम्हाला काय चालत नाही?”

त्यानं मागे वळून रांगेकडे पाहिलं. मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, “पेनिसिलिन.”

“ऐकू आलं नाही,” मावशी म्हणाल्या. “मोठ्यानं सांगा.”